हरळीचा न दिसणारा रंग

उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याच्या शिवारात एक काम हमखास दिसतं. नांगरलेल्या काळ्या रानात बाया ओळीनं वाकून पुढे सरकत असतात आणि ढेकळांतून पांढरट, गाठीगाठीच्या दोऱ्या ओढून काढत असतात. या हरळीच्या काशा. ओढताना तुटली आणि बोटभर तुकडा आत राहिला, तर पहिल्या पावसावर त्या तुकड्याच्या गाठीतून नवा कोंब वर येणार, हे ठरलेलं. म्हणून वेचायचं, बांधावर ढीग घालायचा, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि मग पेटवायचं. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावं गेवराई तालुक्यातल्या कापूसवाल्या शेतकऱ्यासमोर घ्या, त्याच्या कपाळावरची आठी तुम्हाला उत्तर देईल.

भाद्रपदात हीच हरळी नाव बदलते. चतुर्थीच्या सकाळी पोरं बांधावर जातात आणि तिचे कोवळे शेंडे खुडून एकवीसची जुडी बांधून आणतात. आता ती दूर्वा. याच तालुक्यात, गोदावरीच्या काठी, राक्षसभुवन आहे. 1763च्या ऑगस्टमध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, ते हे गाव. तिथल्या गणपतीचं स्थान गणेशाच्या एकवीस क्षेत्रांत मोजतात आणि त्या गणपतीचं नाव आहे विज्ञान गणेश. ज्या देवाच्या नावातच विज्ञान आहे, त्याच्या पायाशी रोज दूर्वांची जुडी पडते. पुढची सगळी हकिकत त्या जुडीतल्या एका काडीची आहे, म्हणून हे नाव मला विशेष जवळचं वाटतं.

कारण हरळीला तिसरंही एक नाव आहे. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेपर्यंत पसरलेली ती हिरवी चादर, उष्ण देशांतली गोल्फची आणि फुटबॉलची मैदानं, या सगळ्यांवर जे गवत सर्वांत जास्त लावतात त्याला जग बर्म्युडा ग्रास म्हणतं. बर्म्युडा बेटांशी त्याचं नाव कसंतरी जोडलं गेलं आहे, मूळ काही तिथलं नाही. वनस्पतिशास्त्रात त्याला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात आणि डॅक्टिलॉन म्हणजे बोट. बांधावरची एक काडी उपटून हातात घ्या, दोन्ही नावं पटतील. जमिनीखालच्या काशीच्या टोकाला कडक, टोकदार खवल्यांचा कोंब असतो, तो दातासारखाच टोचतो. वर तुरा आला असेल तर एकाच बिंदूतून तीन ते सात बारीक कणसं फुटलेली दिसतात, पंजाची बोटं फाकवावी तशी. पातं जिथं खोडाला मिठी मारतं तिथं, डोळ्याजवळ नेलं तरच दिसेल इतकी बारीक, पांढऱ्या केसांची झालर असते. बाया ज्या काशा वेचून जाळतात, तसेच तुकडे मैदान तयार करणारे लोक पैसे मोजून विकत घेतात आणि ओळीनं लावतात.

इतक्या खर्चानं लावलेल्या गवताचा कस कसा ठरवायचा, हा प्रश्न मग साहजिकच येतो. धान्याचं तसं सोपं आहे. बाजरी मळली, पोत्यात भरली, काट्यावर टाकली की उत्तर मिळतं. हिरवळीचं काहीच काट्यावर जात नाही. तिचा दाटपणा, तिचा रंग, पायाखाली तुडवल्यावर तिचं पुन्हा उठून उभं राहणं, हेच तिचं पीक. अमेरिकेत गवतांच्या वाणांच्या राष्ट्रीय चाचण्या होतात. तिथं अनेक दशकं याचं उत्तर एका माणसाच्या नजरेत होतं. परीक्षक वाफ्यावाफ्यानं फिरतो आणि प्रत्येक वाफ्याला 1 ते 9 यांतला एक आकडा देतो. 9 म्हणजे उत्कृष्ट, 6 म्हणजे चालण्यासारखं, 1 म्हणजे मेलेलं. मुरलेला परीक्षक हे काम फार नेमकं करतो. पण दोन परीक्षकांचे आकडे जुळतीलच असं नाही आणि एकाच परीक्षकाचा सकाळचा 7 ढगाळ दुपारी 6 होऊ शकतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटायला हवं. आपल्याकडे खरीप पिकांची पैसेवारी काढतात. तिचा पहिला टप्पा 30 सप्टेंबरला जाहीर होतो आणि सरकारी कागदावर त्याचं नावच असतं नजरअंदाज पैसेवारी. मग सुधारित येते आणि 15 डिसेंबरला अंतिम. 50 पैशांच्या खाली गेली तर दुष्काळाची चर्चा, वर राहिली तर नाही. एका गावाच्या वर्षाचं भवितव्य सुरुवातीला कुणाच्या तरी नजरेच्या अंदाजावर तोललं जातं. गवताच्या वाफ्यांवरचा परीक्षक आणि बांधावर उभं राहून पिकाकडे बघणारी समिती, दोघंही एकच काम करत असतात. पानावरून परत आलेला प्रकाश डोळ्यांत घेतात आणि त्याचा आकडा करतात.

मग तो प्रकाशच थेट मोजला तर?

हे कसं जमतं ते समजून घ्यायला आधी पानाच्या आत जावं लागतं. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. एका टोकाला जांभळा, दुसऱ्या टोकाला तांबडा. पानातलं हरितद्रव्य यातला निळा आणि तांबडा प्रकाश भुकेल्यासारखं गिळतं, कारण त्याच्यावरच त्याचा स्वयंपाक चालतो. मधला हिरवा तितकासा गिळला जात नाही, त्यातला काही परत फिरतो, म्हणून पान हिरवं. इथपर्यंत शाळेत शिकलेलं असतं. पण हिरवा परत फिरतो म्हणजे किती? निरोगी पानावर पडलेल्या हिरव्या प्रकाशातला दहा-पंधरा टक्केच. पान खरं तर बऱ्यापैकी काळोखं असतं. फक्त बाकीचे रंग त्याहून कमी परततात, म्हणून आपल्याला ते हिरवं वाटतं.

तांबड्याच्या पलीकडे, 700 नॅनोमीटरची कड ओलांडली की मात्र हेच पान एकदम बदलतं. 680च्या आसपास जे पान शंभरातले जेमतेम पाच भाग परत पाठवत होतं, ते 750 ओलांडताच चाळीस-पन्नास भाग परत फेकायला लागतं. आलेखावर ही रेघ कड्यासारखी सरळ वर चढते. या प्रकाशाला अवरक्त म्हणतात, बोलताना आपण इन्फ्रारेड म्हणतो. 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्याच्या पुढे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत जास्त चढला. तिथं प्रकाश होता, आपल्याला तो पाहायचे डोळे नव्हते.

पान हा अवरक्त प्रकाश का परतवतं, याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. खडीसाखरेचा एक मोठा खडा उजेडात धरा, आरपार दिसतो. तोच खलात कुटा. पीठ पांढरंशुभ्र होतं. साखर तीच आहे, तिच्यात रंग काही आलेला नाही. पण आता प्रत्येक कणाच्या मध्ये हवा शिरली आहे. प्रकाश साखरेतून हवेत, हवेतून साखरेत असा हजारदा दिशा बदलतो आणि शेवटी बराचसा आल्या वाटेनं बाहेर पडतो. पानाच्या आतही असंच आहे. पाण्यानं टच्च भरलेल्या पेशी आणि त्यांच्या मधल्या हवेच्या पोकळ्या, यांची ती कुटलेली साखर आहे. निळा-तांबडा प्रकाश या गर्दीत शिरला की हरितद्रव्य त्याला वाटेतच गाठतं. अवरक्ताला पकडणारं आत कुणी नाही, म्हणून तो ठेचकाळत बाहेर येतो. झाडाला त्या प्रकाशावर अन्न शिजवता येत नाही आणि तो ठेवून घेतला तर पान नुसतं तापेल. बीडच्या उन्हात त्याची किंमत काय असते, हे वेगळं सांगायला नको.

या न दिसणाऱ्या रंगाचा पहिला मोठा धक्का जगाला 1910 साली बसला. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर निसर्गाची छायाचित्रं काढली. आकाश काजळासारखं काळं आणि भर उन्हाळ्यातली झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी. ती छायाचित्रं पाहून माझ्या मनात नेहमी चकलांब्याचं सप्टेंबरातलं शिवार उभं राहतं. आपले डोळे तांबड्याच्या पुढे आणखी थोडंसं पाहू शकले असते, तर कापसाची रानं दिव्यांसारखी लखलखली असती, गोदावरीचं पात्र डांबरासारखं काळं दिसलं असतं, कारण पाणी हा प्रकाश पिऊन टाकतं, आणि ज्या कोपऱ्यात मुळाला रोग लागलाय तो कोपरा पानं पिवळी पडायची वाट न पाहता फिका होऊन गेला असता.

घरी करून पाहण्यासारखं एक आहे. टीव्हीचा रिमोट घ्या, त्याच्या पुढच्या बारीक दिव्याकडे पाहत बटण दाबा. काही दिसणार नाही. आता मोबाइलचा कॅमेरा सुरू करून, शक्यतो समोरच्या बाजूचा, त्यातून तोच दिवा पाहा. जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. रिमोट अवरक्तात बोलतो आणि कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला ते दिसतं. उपग्रह आणि गवत तपासायची यंत्रं ज्या सिलिकॉनच्या भरवशावर चालतात, त्याच जातीचा डोळा आपल्या खिशात असतो. मोबाइलमध्ये अवरक्त अडवणारी एक काच मुद्दाम बसवलेली असते, नाहीतर फोटोंचे रंग बिघडतात. तिच्यातून निसटलेला थोडासा प्रकाश म्हणजे तो ठिपका.

आता मोजणीकडे येऊ. पान निरोगी असेल तर तांबडा कमी परततो आणि अवरक्त भरपूर. पान आजारलं, हरितद्रव्य उतरलं, की तांबडा खाणारा कुणी उरत नाही म्हणून तो जास्त परततो. आतल्या पेशी सुकून मोडल्या की अवरक्त घटतो. दोन्ही हात विरुद्ध दिशेनं हलतात. मग या दोन आकड्यांची वजाबाकी करायची आणि तिला त्यांच्याच बेरजेनं भागायचं. समजा, दाट निरोगी हरळीवरून शंभरातले 50 भाग अवरक्त आणि 5 भाग तांबडा परत आला. वजाबाकी 45, बेरीज 55, भागाकार 0.82. सुकत चाललेल्या हरळीवरून 40 आणि 15 आले तर 25 भागिले 55, म्हणजे 0.45. उघड्या काळ्या मातीवरून 12 आणि 8 आले तर 0.20. या आकड्याला जगभर एनडीव्हीआय म्हणतात.

यातली खरी करामत भागाकारात आहे. सूर्यावर ढग आला आणि उजेड निम्मा झाला, तर 50चे 25 होतील, 5चे अडीच होतील, पण भागाकार 0.82च राहील. नजरेनं आकडा देणारा परीक्षक ढगाळ दुपारी फसतो, तिथं हा भागाकार तग धरतो.

हा आकडा प्रथम कशावर वापरला गेला? गवतावर. 23 जुलै 1972 रोजी अमेरिकेनं जमिनीची पाहणी करणारा पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना 1972 म्हटलं की वेगळंच आठवतं. दुष्काळातली खडी फोडायची कामं, सुकडी, दूरवर पाण्याला जाणारी माणसं. त्याच पावसाळ्यात, जेव्हा इथलं आभाळ कोरडं होतं, तेव्हा त्याच्याही खूप वर एक डोळा फिरायला लागला होता. टेक्सासमधल्या विद्यापीठात राउज आणि त्यांचे सहकारी त्या उपग्रहाच्या चित्रांवरून अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात कुरणं कधी हिरवी होतात आणि कधी वाळतात हे शोधत होते. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना सूर्य वेगवेगळ्या कोनात असायचा, त्यामुळे नुसते आकडे जुळेनात. त्यातून हा भागाकार निघाला आणि 1973मध्ये त्यांनी तो मांडला. गुरांच्या चाऱ्याची ही विवंचना बीडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

भारतात याआधीच एक सुंदर प्रयोग झाला होता. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी 1970च्या सुमारास केरळात नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवलं आणि अवरक्त फिल्मवर छायाचित्रं घेतली. मुळांच्या रोगानं पछाडलेली झाडं त्या चित्रांत वेगळी उठून दिसली. भारतीय दूरसंवेदनाची सुरुवात तिथून मोजतात.

हिरवळीकडे परत येतो, कारण इथं एका माणसाची ओळख करून दिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. ग्लेन बर्टन. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी 1936 साली ते गवतांवर काम करायला आले. तो मुलूख कापसाचा आणि तिथल्या कापूसवाल्यांना हरळी आपल्यासारखीच नकोशी. बर्टन यांनी तिच्याकडे उलट्या बाजूनं पाहिलं. टिफ्टनजवळच्या एका जुन्या कापसाच्या रानात सापडलेली जोमदार हरळी आणि आफ्रिकेतून आणलेली हरळी यांचा संकर करून त्यांनी गुरांसाठी चाऱ्याची नवी जात काढली. पुढे आपल्या दूर्वेचा आफ्रिकेतल्या बारीक पानांच्या भाऊबंदाशी संकर केला. त्यातून आलेली टिफवे ही जात 1960 साली बाहेर पडली आणि उष्ण देशांतल्या मैदानांवर पसरली. तिला बी धरत नाही. ती काशांच्या तुकड्यांनीच लावावी लागते.

याच बर्टन यांचं दुसरं आवडीचं पीक होतं बाजरी. टिफ्टनमध्ये त्यांनी बाजरीचा एक नरवंध्य वाण तयार केला, टिफ्ट 23ए. तो भारतात आला, लुधियानाला अथवाल यांनी त्याच्याशी इथल्या बाजरीचा संकर केला आणि 1965 साली देशातली पहिली संकरित बाजरी, एचबी-1, शेतकऱ्यांच्या हाती पडली. 1970च्या हंगामात देशाचं बाजरीचं पीक 80 लाख टनांवर गेलं. पुढच्याच काळात गोसावी रोगानं या वाणांना झोडपलं, तोही इतिहास खरा आहे. पण ज्या गावात बाजरीची भाकरी रोजची आहे, तिथं हे सांगताना अंगावर काटा येतो की रानातल्या शत्रूला मैदानावरचा राजा करणारा आणि आपल्या कणसाला संकराची वाट दाखवणारा माणूस एकच होता.

बर्टन यांच्याच राज्यात हिरवळ प्रकाशानं मोजण्याचं महत्त्वाचं काम झालं. 1999 साली ट्रेनहोम, कॅरो आणि डंकन या संशोधकांनी संकरित हरळी आणि समुद्रकाठचं एक गवत यांच्या वाफ्यांवर दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. एका बाजूला नजरेनं दिलेले आकडे, दुसऱ्या बाजूला परत आलेल्या प्रकाशाचे. हिरवळीचा दर्जा, कोंबांची दाटी, तुडवल्यामुळे झालेली इजा, या तिन्हींत दोहोंचा मेळ चांगला बसला. त्यानंतर ओक्लाहोमातल्या लोकांनी गाडीवर संवेदक बसवून मैदानं मोजली. आज हातात धरायची यंत्रंही मिळतात. त्यांतली काही स्वतःचाच प्रकाश सोडतात, तांबडा आणि अवरक्त, सेकंदाला असंख्य वेळा लुकलुकवत. गवतावरून परत येणाऱ्या उजेडातला जेवढा त्या लुकलुकीच्या तालावर नाचतो तेवढाच आपला, बाकीचा सूर्याचा, हे यंत्राला ओळखता येतं. म्हणून ते भर दुपारी चालतं आणि मध्यरात्रीही.

जुने माळी एक परीक्षा करतात. सकाळी हिरवळीवरून चालत जायचं आणि मागं वळून पाहायचं. पाऊल उमटून तसंच राहिलं, पाती पुन्हा उठली नाहीत, तर गवत तहानलेलं आहे. तहानलेल्या गवतावर एक निळसर-करडी छटाही येते. ही परीक्षा खरी आहे आणि प्रकाशाचं यंत्रही तेच वाचतं. पातं ढिलं पडलं की आतल्या पोकळ्यांची रचना बदलते, परतणारा अवरक्त बदलतो आणि पातं कलतं तशी मागची माती डोकावायला लागते. माळ्याला ‘तहानलंय’ हे कळतं, यंत्र ‘कालच्यापेक्षा किती’ हे सांगतं. त्या ‘किती’वरच पाण्याचा एक फेरा वाचतो. पाण्याचा हिशेब जिथं टँकरच्या खेपांत करतात, तिथं मला ही गोष्ट मैदानाच्या सौंदर्यापेक्षा मोठी वाटते.

आणि आता तोच भागाकार थेट चकलांब्यावर येतो. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह 2015पासून 786 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची चित्रं घेत आले आहेत. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवर परत येतात आणि त्यांची चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. तांबड्या आणि अवरक्त प्रकाशात त्यांचा एक ठिपका जमिनीवर 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतो. म्हणजे 32.8 फूट. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट. शंकू-साखळीनं जमीन मोजणाऱ्यांचं माप आणि युरोपातल्या अभियंत्यांनी ठरवलेलं माप यांच्यात वीतभराचाही फरक नाही. एका एकराचे चाळीस गुंठे, तसेच त्या चित्रात एका एकराचे सुमारे चाळीस ठिपके. गावात ज्या मापानं जमीन सांगितली जाते, जवळपास त्याच मापानं आकाशातून तिच्या हिरवेपणाचा आकडा लिहिला जातो आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कागदावर तो हिशेब तीनदा करून पाहिला.

दुष्काळ ठरवतानाही आता हे आकडे बसतात. केंद्राच्या 2016च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पेरणी, मातीतला ओलावा आणि जलसाठे यांच्या जोडीला वनस्पतींच्या हिरवेपणाचे निर्देशांक घेतले आहेत. त्यात एक हिशेब असा : यंदाचा एनडीव्हीआय त्याच जागेच्या त्याच पंधरवड्याच्या आजवरच्या सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या आकड्यांमध्ये कुठं बसतो? सर्वांत वाईटाला शून्य धरायचं, सर्वांत चांगल्याला शंभर. 60च्या वर असेल तर ठीक, 40च्या खाली गेला तर रानाचं काही खरं नाही. गेवराईच्या कोरडवाहू रानाची तुलना कोल्हापूरच्या उसाशी होत नाही, गेवराईच्याच आठवणीतल्या गेवराईशी होते, हे मला यातलं सगळ्यांत न्याय्य वाटतं. ऑक्टोबर 2018 अखेर महाराष्ट्रात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो या संहितेच्या कसोट्या लावून, आणि बीड जिल्हा त्या यादीत होता. 2023च्या खरिपापासून पीक विम्यातही भात-गव्हासारख्या पिकांच्या उत्पादनाच्या अंदाजात किमान 30 टक्के वजन अशा तंत्रज्ञानाला द्यायचं ठरलं.

पण या आकड्याला डोळे मिटून मानायचं नाही आणि त्याचं कारण पुन्हा हरळीच आहे. उपग्रहाला हिरवं कळतं, पीक कळेलच असं नाही. हरळीनं गच्च धरलेलं कापसाचं रान वरून छान हिरवं दिसतं. 0.6चा आकडा येईल आणि त्यात कापूस कमी, हरळी जास्त असेल. बांधावर उभ्या बाईला जे एका नजरेत कळतं, ते त्या ठिपक्यात मिसळून जातं. गवत एका मर्यादेपुढे दाट झालं की एनडीव्हीआय वर सरकायचाच थांबतो, मग चांगलं आणि फार चांगलं यांतला फरक त्याला कळेनासा होतो. पेरणीनंतर पहिले काही आठवडे पिकापेक्षा मातीच जास्त मोजली जाते. आणि ऐन श्रावणात, जेव्हा आकडा सगळ्यांत जास्त हवा असतो, तेव्हा खाली ढग पसरलेले असतात. मग रडारची मदत घ्यावी लागते. म्हणून पीक कापणी प्रयोगात रान मोजून, कणसं कापून, वजन करणारा माणूस अजून लागतो आणि लागावा, असं माझं ठाम मत आहे. 1 ते 9चे आकडे देणारे परीक्षकही यंत्रं आल्यावर घरी गेले नाहीत. यंत्र खरं बोलतं की नाही हे त्यांच्याच आकड्यांशी ताडून पाहतात.

सेंटिनेल आपल्याकडे येतो तो सकाळी अकराच्या सुमारास. काशा वेचणाऱ्या बाया तेव्हा लिंबाखाली भाकरीचं फडकं सोडून बसलेल्या असतात. वर, 786 किलोमीटरवर, त्यांचं रान गुंठ्यागुंठ्यानं नोंदलं जातं. नांगरलेली काळी माती, 0.2 किंवा त्याहून थोडं कमी. लिंबाचा ठिपका जरासा वर. बांधावर काशांचा ढीग आहे, पण तो गुंठ्याच्या मानानं इतका लहान की त्याचा वेगळा आकडा लागत नाही. दुपारपर्यंत तो ढीग वरून करकरीत वाळतो. आतल्या, सावलीतल्या काशा मात्र अजून ओल्या असतात. रोहिण्या बरसल्या आणि तो पेटवायचा राहून गेला, तर चार दिवसांत त्यातल्याच एका गाठीतून सुईएवढं टोक बाहेर येतं आणि त्याच सकाळपासून तांबडा प्रकाश खायला लागतं.